विष न दिलेल्या अळ्या

नळीतला पिवळा रंग फिकाच राहिला. जयमालाने ती खिडकीपाशी धरून पुन्हा पाहिली — विष दिलेल्या अळ्यांचा रस असा फिका पडायचाच, कीटकनाशक त्यांच्या नसांमधलं एन्झाइम अडवतं आणि एन्झाइम अडलं की रंग चढत नाही. पण ही नळी तर विष न दिलेल्या अळ्यांची. कपाशीवरच्या बोंडअळ्या, प्रयोगशाळेतल्या शहाजीमामांनी तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या, आणि त्यांच्याशी ताडूनच बाकीचे आकडे खरे ठरायचे... सत्त्याण्णवच्या हंगामाचे तीन महिने पाण्यात गेले. कुणामुळे, ते साहेबांना संध्याकाळपर्यंत अहवालात नावानिशी हवं होतं, आणि त्या माणसाला घरी बसवणार, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मामा कोपऱ्यात बाटल्या पुसत होते. एका बाटलीत एकच अळी, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.

"मामा, यांना हरभऱ्याच्या पिठाशिवाय काही दिलंत?"

"व्हय की," ते खुशीत म्हणाले. "रोज रोज त्येच पीठ, मुक्या जिवाला बी कटाळा येतोय. मंगळवारपास्नं भेंडी देतोय, म्याडम. कवळी, तुर्भ्याच्या मार्केटातली. धुऊन देतो."

ती संतापली. इतकी वर्षं इथे काढून या माणसाला एवढं कळू नये — बाजारची भेंडी, फवारलेली! ओरडायला म्हणून ती वळली, तर मामा बाटलीला डोळा लावून "खा गं बाय" म्हणत होते, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. वेडा माणूस! लाड केले, दुसरं काय केलं? मीही घरी तेच तर...

तेच. मंगळवारीच मामांनी पिशवी पुढे केली होती, "आपल्या क्षिप्रालाबी घ्या" — आणि तेव्हापासून रोज डब्यात भेंडी, लेक हट्टाने मागते म्हणून. आजही, धुऊन, पुसून, कुरकुरीत परतून.

अळीला किती विष पुरतं ते तिला तोंडपाठ होतं. अठरा किलोच्या मुलीचा हिशेब तिने कधी मांडलाच नव्हता. आता तो आपोआप सुरू झाला आणि कुठल्याच आकड्यावर थांबेना. मामांचं नाव लिहायचं तर खाली माझंही लिहायला हवं, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं... कोपरखैरण्याच्या शाळेत आता मधली सुट्टी झाली असेल, क्षिप्रा डबा उघडत असेल, आईने आज पुन्हा आवडीचं दिलं म्हणून हरखली असेल.