अक्काचा काढा औषधात धरत नाहीत

पेंटरने हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि बहात्तराव्या वर्षी एक दिवस ब्रश धुऊन ठेवले ते पुन्हा हातात घेतलेच नाहीत. काही झालं म्हणावं, तर काहीच झालं नव्हतं. अन्न गोड लागेना, झोप येईना, कशात मन रमेना. शेवटी मुलीने हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. "हे नैराश्य आहे, म्हातारपण नव्हे," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि रोज एक गोळी लिहून दिली.

अक्का, त्याची सहा वर्षांनी मोठी बहीण, हिला यातलं काही सांगायची त्याची छाती नव्हती. बाजारात तिचं झाडपाल्याचं दुकान होतं. लोक तिला पालेवाली म्हणून नाकं मुरडायचे आणि खोकला झाला की तिच्याच दारात उभे राहायचे. गोळ्यांचं नाव काढलं की ती डोक्यात राख घालून घ्यायची. धाकट्याचा चेहरा उतरलाय हे कळल्यापासून ती रोज दहाच्या ठोक्याला पिवळ्या फुलांच्या काढ्याची बाटली घेऊन येऊ लागली. त्याआधी दोघांची भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, तीही पंगतीच्या दोन टोकांना. आता ती तासभर बसायची, काढा पाजायची आणि तोंडसुख घ्यायची. त्या एका तासासाठी पेंटर रोज दाढी करत होता.

म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी "काका, आणखी काही औषध घेता का?" असं विचारलं तेव्हा तो बिनदिक्कत "नाही" म्हणाला. अक्काचा काढा कुणी औषधात धरतं का, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरी भीती निराळीच होती. काढा बंद झाला, तर अक्का कशाला येईल?

तिसऱ्या आठवड्यात त्याचे हात थरथरू लागले. दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. एका सकाळी पेल्यातला अर्धा काढा अंगावरच सांडला. अक्काने त्याचं मनगट धरलं.

"धाकट्या, खरं सांग. याच्याबरोबर आणखी काय घेतोस?"

"एक गोळी," तो पुटपुटला.

आता आपली काही धडगत नाही, असं त्याला वाटलं. पण अक्काने बाटली आणि गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं, त्याला चपला घालायला लावल्या आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, बाटली हुंगली, फुलाचं नाव विचारलं. "काका, हा जिवाशी खेळ झाला! सौम्य नैराश्यात काहींना या फुलाचा गुण येतो. पण या गोळीशी त्याचं अजिबात जमत नाही. दोन दिवस इथेच राहा. दोन्ही आजपासून बंद. गोळी पुन्हा कधी घ्यायची ते मी सांगेन, काढा मात्र कायमचा बंद."

"म्हणजे माझ्या पाल्यात दम आहे म्हणायचा," अक्का म्हणाली.

"आहे ना. म्हणून तर घाबरले."

अक्काची मान ताठ झाली. एवढ्या वर्षांत तिच्या पाल्याला कुणी डॉक्टर घाबरला नव्हता. "मग गोळीच घे रे," असं तिने फर्मावलं, जणू तिनेच ती लिहून दिली होती.

पेंटर घरी आला तेव्हा हातांची थरथर थांबली होती. आठवड्याने गोळी पुन्हा सुरू झाली. तिचा गुण यायला वेळ लागणार होता. अक्का मात्र त्या आठवड्यात फिरकली नाही. तरी तो रोज दाढी करून बसायचा. आठव्या दिवशी दहा वाजले, साडेदहा झाले. मग त्याला राहवेना. उठून त्याने दार उघडलं, तर अक्का जिन्यात उभी.

"किती वेळ उभी आहेस?"

"झाला असेल अर्धा तास."

"मग दार वाजवायचं ना!"

"रिकाम्या हाताने कशी येऊ रे? काय सांगून येऊ?"

अख्ख्या बाजाराला धारेवर धरणारी ती बाई मान खाली घालून उभी होती. पेंटर दारातून बाजूला झाला.

"अगं, ते कडूजहर पाणी मी तू यावीस म्हणून पीत होतो."

"आणि मी तरी ते कशासाठी आणत होते, गाढवा?" म्हणत अक्का आत आली.