कच्चा यजमान

रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. जाळी गुंडाळून कोपऱ्यात टाकलेली, मैदानभर सतरंज्या, आणि समोर चौथऱ्यावर पांढऱ्या सदऱ्यातले 'दिवेवाले सर'. त्यांच्या हातात निळ्या काचेचा एक दिवा. तो पोटाच्या उजव्या अंगाला, यकृतावर धरायचा, नऊ मिनिटं, सलग सात रविवार. गोळी नको, सुई नको, पथ्य नको. विषाणू काखोटीला गाठोडं मारून आपण होऊन निघून जाणार!

"विषाणू म्हणजे कोण?" सर माइकमध्ये विचारायचे.

"पाहुणा!" हॉल ओरडायचा.

"आणि आपण?"

"यजमान!"

"यजमान पक्का असला की पाहुणा काय करतो? चहा घेतो आणि निघतो. आणि कच्चा असला की? पथारी पसरतो! उशी मागतो! महिन्याभराने विचारतो, माझा टूथब्रश कुठे ठेवलाय?"

लोक पोट धरून हसायचे. त्याच पोटांत सुजलेली यकृतं होती, पण सरांकडे हसवायची हातोटी होती, हे कबूल केलंच पाहिजे.

मग खरा खेळ. एकेक 'पक्का यजमान' वर यायचा आणि पडद्यावर त्याचे दोन कागद शेजारी शेजारी झळकायचे. डावीकडे लाल अक्षरांत 'पॉझिटिव्ह', उजवीकडे हिरव्या अक्षरांत 'आढळला नाही'. असे नऊ जण. सगळ्यांत शेवटी काचेच्या कारखान्यातल्या दोघा भावांपैकी धाकटा यायचा, कारण तो पहिला बरा झालेला, सरांचा हुकमी एक्का. हॉल टाळ्यांनी दणाणून जायचा.

टाळ्या वाजायच्या तेव्हा त्याची वहिनी दाराजवळच्या शेवटच्या रांगेत नवऱ्याशेजारी बसलेली असायची. मागच्या रांगा कच्च्या यजमानांसाठी होत्या. पक्क्यांवर त्यांची सावली पडू नये, असं सर म्हणत. शेजारच्या बाया सहानुभूतीने विचारायच्या, "तुमचे यजमान अजून कच्चेच का हो?" जसा काही भिंतीचा रंग वाळायचा राहिलाय! पहिल्या पहिल्यांदा वहिनीला संताप यायचा. मग लाज वाटायची. आता काहीच वाटत नसे. हॉलमध्ये बसायचं, दीड तास गेला की उठायचं.

दोघे सख्खे भाऊ काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायचे. उजेडाच्या फळीपुढून बाटल्या सरकत जायच्या, तडा दिसला की बाजूला काढायची. दोन वर्षांपूर्वी भट्टीपाशी काचा फुटल्या, पुष्कळांचे हात कापले, आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरने सगळ्यांना एकाच सिरिंजने धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. दोन महिन्यांनी एकेकाचे डोळे पिवळे दिसू लागले. चौकशी झाली, तेव्हा चाळीस जणांच्या रक्तात हेपॅटायटिस सीची खूण सापडली. रक्त तपासणारी वहिनीच होती, रुग्णालयाच्या लॅबमध्ये. नवऱ्याचा आणि दिराचा कागद तिने स्वतःच्या हाताने टाइप केला.

धाकट्याचा विषाणू गेला. थोरल्याचा गेला नाही.

"एकाच साच्यातले आम्ही दोघं," थोरला जेवताना म्हणायचा. "मग तडा मलाच का? माझ्याच मनात काहीतरी खोट असणार."

"अहो, त्या गोळ्या घ्या. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. यकृत हळूहळू निबर होत जातं, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं."

"गोळी घेतली की यजमान परावलंबी होतो, सर म्हणतात. आधी मन सुधारू दे."

गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर तसंच पडून होतं. वहिनी दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसायची. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मग रुग्णालयात नवं यंत्र आलं. रक्तातला विषाणू मोजणारं यंत्र त्यांच्या लॅबमध्ये पूर्वी नव्हतं, म्हणून चौकशीच्या वेळी, इंजेक्शननंतर पाचव्या महिन्यात घेतलेले चाळीस नमुने शीतपेटीत गोठवून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, "ते एवढे उरकून टाका आणि ज्याचा कागद त्याच्या हातात द्या." वहिनीने दोन दिवसांत उरकले. एकोणतीस नमुन्यांत विषाणू होता, अकरांत नव्हता. त्या अकरांत धाकटा होता. त्याच्यासह सरांचे नऊच्या नऊ पक्के यजमान होते. उरलेले दोघे तर हॉलची पायरीही न चढलेले.

तिने नमुन्याची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. सरांचा दिवा त्यानंतर एकवीस दिवसांनी गावात आला होता.

पुढच्या रविवारी तिने दीड वर्षात पहिल्यांदा मान वर करून पडदा वाचला. लाल आणि हिरवी मोठी अक्षरं सोडून वरची बारीक ओळ वाचली. डाव्या कागदावर होतं, 'प्रतिपिंडे'. उजव्यावर, शहरातल्या लॅबमधून आणलेल्या, होतं, 'विषाणूचे प्रमाण'. दोन वेगळ्या तपासण्या! तपासणीच्या नावाची ओळ तिने स्वतः हजार वेळा टाइप केली होती. इथे बसून मात्र एकदाही वाचली नव्हती. तिला स्वतःचीच कीव आली, तीही जरा दुरून, परक्या बाईची यावी तशी.

संध्याकाळी धाकटा घरी आला तेव्हा तिने त्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे बाहेर काढू नका. कारखान्यात मला कुत्रं विचारत नव्हतं. तिथे लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतात."

"कागद तुमचा आहे, भाऊजी. दाखवायचा की फाडायचा, तुम्ही ठरवा. मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुमचा दादा रोज जेवताना स्वतःला दोष देतो, तेवढं ऐकून जा."

धाकटा जेवायला थांबला. त्याने ऐकलं. ताट उचललं आणि गेला.

रविवारी सरांनी त्याला नेहमीसारखं शेवटी बोलावलं. धाकट्याने माइक घेतला आणि खिशातून तिसरा कागद काढला.

"सर, हे रक्त तुम्ही यायच्या एकवीस दिवस आधीचं आहे. यातसुद्धा विषाणू नाही. मग तुमच्या दिव्याने माझ्यातलं काय घालवलं?"

सर हसले. "शंका! बघा, पक्क्या यजमानालाही शंका शिवली!"

"शंका नाही, प्रश्न आहे," मागून वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, नमुन्याचा नंबर पुकारावा तसा आवाज. "पडद्यावरची वरची ओळ वाचा. डावा कागद एवढंच सांगतो की पाहुणा कधीतरी येऊन गेला. तो गेला तरी दारात पायांचे ठसे राहतात, म्हणून बरा झालेला माणूसही त्या तपासणीत पॉझिटिव्हच येतो. पाहुणा आत्ता घरात आहे का, ते उजवा कागद सांगतो. सरांनी ठसे आधी दाखवले आणि रिकामं घर नंतर. घर आधीपासूनच रिकामं होतं. हिंमत असेल तर ठशांची तपासणी आज पुन्हा करा. या नऊ जणांची ती आजही पॉझिटिव्हच येईल."

"आणि आमचं काय?" मागच्या रांगेतल्या भट्टीवाल्याने विचारलं. "आम्ही सातच्या सात रविवार केले. आमचं मन वाईट?"

"मनाचा यात काही संबंध नाही. विषाणू शिरला की शरीर धोक्याची वर्दी देतं. त्या वर्दीच्या जनुकांपाशी माणसामाणसांत एखाद्या अक्षराचा फरक असतो. एक अक्षर असलं तर विषाणू आपोआप जायची शक्यता जास्त, दुसरं असलं तर कमी. आईकडून एक चिठ्ठी, वडिलांकडून एक. सख्ख्या भावांनाही सारख्या चिठ्ठ्या येतील असं नाही. बाटल्या एका साच्यातून निघतात, माणसं नाही निघत. आणखीही कारणं आहेत, सगळी अजून कुणाला कळलेली नाहीत. पण चिठ्ठी कुठलीही असो, गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. डॉक्टरांकडे जा."

सर माइकसाठी हात पुढे करून उभे होते. धाकट्याने माइक दिला नाही, जमिनीवर ठेवला, आणि तो चौथऱ्यावरून उतरून शेवटच्या रांगेत दादाशेजारी येऊन बसला. आरडाओरडा झाला नाही, कुणी सरांच्या अंगावर धावून गेलं नाही. लोक एकेक करून उठले. सर बराच वेळ दिव्याची वायर गुंडाळत राहिले.

घराच्या दारात थांबून थोरला म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. तुम्ही फक्त हात पुढे केला होता, इंजेक्शनसाठी."

तो फ्रिजपाशी गेला, पाकीट फोडलं आणि पहिली गोळी घेतली. वहिनीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. तिने पाण्याचा पेला विसळून पालथा घातला.

वाचकहो, बरे झालेले चौथऱ्यावर दिसतात. जे बरे झाले नाहीत ते कुठे बसवलेत, हे मान वळवून बघा. दिव्याविना किती जण बरे झाले, तेही विचारा. आणि आजाऱ्याला आजाराचा दोष देणारा कितीही गोड बोलला, तरी तिथून उठा.

गोळ्या संपल्या. त्यानंतर आणखी तीन महिन्यांनी वहिनीने नवऱ्याचं रक्त तपासलं आणि कागद त्याच्या हातात दिला. थोरल्याने तो बाटली धरावी तसा खिडकीच्या उजेडात धरला. निकाल खाली मोठ्या अक्षरांत होता. त्याने आधी वरची बारीक ओळ वाचली.

"विषाणूचे प्रमाण," तो मोठ्याने म्हणाला, आणि मग खाली पाहिलं. "आढळला नाही."

तेव्हा कुठे वहिनीला रडू आलं.