अंजनाचा शालू आभाळात

सन सेहेचाळीस. आकाराम बर्म्याहून साताऱ्याला परतला तो बिनतारी पलटणीतली विद्या आणि एका अमेरिकन सायबानं दिलेलं मुठीएवढं इंजिन घेऊनच. वर्षभर खपून त्यानं चार हात लांबीचं दुपंखी विमान बांधलं. हुबेहूब सरकारी, फक्त आत बसायला माणूस नव्हता. पंखांवर ताणायला रेशीम हवं, म्हणून त्यानं बायकोचा लग्नातला शालूच मागितला.

“घ्या,” अंजना म्हणाली. “पर शालू धड परत आला न्हाई तर ही रेडूची पेटी हिरीत जाईल. मी सांगलीची हाय, बोलंन तसं करीन.”

जमिनीवरून विमान वळवायच्या त्या बिनतारी पेटीला बटण एकच. दाबून धरलं की शेपटीचं सुकाणू वळायचं, सोडलं की सरळ. एकदा उजवीकडं, पुढच्या दाबाला डावीकडं, पुन्हा उजवीकडं. महिनाभर आकारामनं बटण दाबलं आणि अंजनानं शेपटीशी बसून सुकाणू पाहिलं.

उडवायच्या सकाळी विमान दोन बोटांवर तोललं, तर शेपटी जड! नाकात वजन हवं होतं. शिसं कुठलं असायला? आकारामनं गुळाचा खडा इंजिनामागं चेपला. तोल बरोब्बर जमला.

माळावर निम्मं गाव लोटलं. विमान उठलं ते असं, की घारी अदबीनं बाजूला झाल्या. पण इंजिन तापलं, गूळ पाघळला आणि खाली आ वासून उभ्या शेजारच्या नानासोच्या तोंडात थेंब पडला.

“आकाराम, तुजं इमान लय ग्वाड हाय रं!”

आकारामनं ओळखलं, नाकातलं वजन गळालं. नाक हलकं झालेलं विमान अजिंक्यताऱ्याच्या वर चढलं. थबकायचं, बुडी मारायचं, पुन्हा चढायचं. तेल संपेतोवर उजवीकडं गोल फिरवत ठेवलं तरच ते माळावर खाली येणार होतं. डावीकडं कृष्णेचा डोह. घाईत त्यानं बटण इतक्यांदा दाबलं, की पुढचा दाब कुठला तेच विसरला.

“आवं, आता डावा हाय!” अंजना ओरडली. “येकदा दाबून सोडा, मग धरा! मी मोजतिया न्हवं!”

त्यानं दाबलं, सोडलं, धरलं. विमान वळलं. एकशेसत्तावीस घिरट्या घालून, तेल संपवून, ते गवतात अलगद टेकलं. अंजनानं धावत जाऊन दोन्ही पंख चाचपले. शालूची एक तारही तुटली नव्हती.

“पेटी?” आकारामनं भीत भीत विचारलं.

“ऱ्हाऊ द्या घरात. उद्या मी उडवणार.”

“आन् शालू उसवून देऊ?”

“कशाला? नेसल्यावर त्यो एवढा कवा मिरवला व्हता?”