टाक्यांवरचा भंडारा

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दात ओढ्यात टाका.

मथुराबाईनं भावाच्या पोटावरची पट्टी वर केली आन् टाक्यांवर भंडारा दाबला, अणदूरच्या खंडोबाचा. हर्नियाचं ऑपरेशन करून गोरोबाला घरी आणल्यापासनं ती रोज सकाळी असंच करायची. हळद ती, वरनं देवाची.

गोरोबा असा वरडला की देवळातली घंटा आपोआप वाजली. आमी शेजारपाजारचे सगळे हसलो. मागं बैलानं मांडी फाडली तवा ह्यो बिडी वढत बसला हुता. टाके तर वरनं झकास दिसत हुते, पिवळेधमक.

"तुझ्यापरीस बाळंतीण बरी," मथुरी म्हणाली.

दुपारी अंग तापलं, त्यो बरळाय लागला. मथुरी आन् म्या त्याला जीपमधनं नळदुर्गला नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं वल्या कापसानं हळद पुसली. खाली कातडं जांभळं-काळं, पार मांडीपतोर. बोट दाबलं तर आतनं कुरकुर आवाज, कुरडई मोडल्यावाणी.

"हे काळं कधीपासनं हाय?" बाईंनी इचारलं.

मथुरी आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत ऱ्हायली.

आत मांस सडतंय, नुसत्या औषधानं थांबणार न्हाय, आजच कापून काढाय पायजे, असं म्हणून बाईंनी सलाईन लावलं आन् सोलापूरला धाडलं. तिथं लाल रगत लागंपतोर सडकं कापलं. दुसऱ्या दिवशी परत कापलं. तिथला सर्जन म्हणाला, टाके एवढुसे आन् कळ एवढी मोठी, तवाच आणायचं हुतं.

आमी त्याच दुखण्यावर हसलो हुतो.

गोरोबा वाचला न्हाय. पर जायच्या आदी, मथुरी चहा आणाय खाली गेली तवा, मला म्हणाला, "अक्काला सांगा, तिच्या हळदीनं लई गार वाटायचं."

म्या तिला तसंच सांगितलं. मग कुठं तिनं दोन घास खाल्ले.

आता एवढं एक म्या पदरचं घातलं. गोरोबा काय बोलला न्हाय. तोंडात नळी हुती त्याच्या. नळी मथुरीनंबी बघितली हुती. तरी सणासुदीला माझ्यापाशी येऊन बसती आन् म्हणती, "सांगा की मावशी, काय म्हणाला गोरोबा?"