चौदा ओळी तूर

फोन वाजला तेव्हा शोभाबाईच्या उजव्या हातात विळा होता. घाम पुसून तिने फोन कानाला लावला.

"माय, काय करायलीस?" बीदरहून तिची पोरगी पंचशीला विचारत होती. ती तिथल्या शाळेत शिकवायची.

"पडलेव की बाजंवर. आराम करायलेव."

"आरामच कर. कागदावर लिवलंय बग, तपासणीच्या आदल्या दिशी काईच काम करायचं न्हाई. सांजच्या गाडीनं माझ्याकडं ये, सकाळी हैदराबादला जाऊ."

"व्हय व्हय," म्हणत शोभाबाईने फोन कमरेला खोचला आणि पुढचं झाड पकडलं.

खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. पण झहिराबादच्या अंगाने आभाळ भरून आलं होतं आणि खटकचिंचोळीतल्या सगळ्या बाया आपापल्या रानात अडकल्या होत्या. तूर वाळून खडखडीत झाली होती. वर पाणी पडलं असतं तर वर्षाची मेहनत मातीत गेली असती. तेव्हा ती पहाटेच रानात आली होती. कागद लिहिणाऱ्याला तूर ठाऊक नसेल, त्याला ती काय करणार.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचं डावं थान काढलं होतं. गेल्या साली बरगडीत एक ठिपका निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आजार पुरता जायचा नाही, पण गोळीने दबून राहील. दर सहा महिन्यांनी मशीनमध्ये घालून ठिपका वाढला का ते बघायचं. आता तेच बघायला जायचं होतं.

बांधावर तिचा दीर रामराव येऊन बसला. त्याची तूर शेजारीच उभी होती आणि त्यालाही बाया मिळत नव्हत्या.

"वैनी, कामून जिवाला तरास करून घ्यायलाव? पाडव्यापासून मला बटईनं लावा रान. अर्धा माल घरी बसून घ्या."

"घरी बसून काय करू?"

"आजारी माणसानं काय करावं? पडून ऱ्हावं."

शोभाबाई ताठ झाली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं तिने हे चार एकर एकटीने पेरलं होतं. रान हातातून गेलं की आपण नुसतं आजारी माणूस उरू, याची तिला कॅन्सरपेक्षा जास्त भीती वाटायची. पण ही भीती रामरावपुढे काढायची तिची तयारी नव्हती.

"मशीन काय मनती ते ऐकू, भाऊजी. ठिपका वाढला असंल तर घ्या तुमी रान. न्हाई तर परत ह्यो विषय काढायचा न्हाई."

रामरावने मान हलवली. मशीन काय म्हणणार, हे त्याने मनात आधीच ठरवून टाकलं होतं. दिवस कलला तोवर शोभाबाईच्या चौदा ओळी आडव्या झाल्या होत्या. लुगडं बदलून तिने बीदरची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या दवाखान्यात एक नर्स मराठीत बोलली तेव्हा शोभाबाईला हायसं वाटलं. पोरीचं नाव शिवकन्या, गाव ठाणाकुशनूर.

"काल आराम केलाव न, अक्का?"

"केला की. दुपारी झाडाखाली चांगली घटकाभर बसले."

शिवकन्या हसली आणि तिने तेवढ्यावर खूण केली. थान काढलेल्या बाजूच्या हाताला सुई लावायची नसते, म्हणून उजव्या हातात औषध सोडलं. मग एका खोलीत एकटीने तासभर पडून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. पंचावन्न वर्षांत शोभाबाई जागेपणी तासभर अशी कधी पडली नव्हती. सुईपेक्षा हेच तिला जड गेलं. पुढे मशीनच्या गोल तोंडात जाताना हात डोक्यावर घ्यायला लावले. डावा हात काही केल्या पुरता वर जाईना. डोळे मिटून तिने मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. संपलं तसं काढलेल्या ओळी मोजायला लागली.

बाहेर आली तर पंचशीलाचा चेहरा उतरलेला होता. डॉक्टर संगणकात डोकं घालून बसले होते.

"काय झालं?"

"माय, लई ठिकाणी चमकायलंय," पंचशीला म्हणाली. "खांद्यात, पाठीत, मांड्यांत."

सगळीकडे पसरलं म्हणायचं. रान गेलं, आपणही चाललो. तरीही शोभाबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

"मला दावा."

काळ्या माणसाचं चित्र होतं. उजवा खांदा उजळलेला, त्या बाजूचा दंड, पाठीचा खालचा भाग, दोन्ही मांड्या. डावा हात मात्र अंधारात. तिने ते निरखून बघितलं, मग स्वतःचा खांदा दाबून बघितला, कंबर दाबली.

"सकाळधरनं मला इतंच ठणकायलंय."

डॉक्टरांनी वर बघितलं. "अम्मा, कल क्या करे थे?"

लेकीकडे न बघता शोभाबाई म्हणाली, "तूर काढली. चौदा वळी."

शिवकन्याने तोंडावर हात घेतला आणि डॉक्टरांना हिंदीत समजावलं. कपाळावर हात मारून डॉक्टर हसायला लागले. सुईतून सोडलेलं औषध म्हणजे एक साखरच, ते सांगायला लागले. आजाराच्या गाठी ती खातात, तसं दमलेलं मांसही खातं. सगळी साखर तुरीने ओढून घेतली होती. ठिपक्याचं काही सांगता येत नव्हतं. चार दिवस पूर्ण आराम करून परत यायचं.

"खोटं कामून बोललीस, माय?" पंचशीला रडतच चिडली.

"बोलले, चुकलं. आता ते चित्र मला मागून घे."

"खराब झालंय ते."

"आसू दे. घे."

चार दिवस ती लेकीच्या घरी शब्दशः पडून राहिली. पंचशीलाने तिला भाजीसुद्धा निवडू दिली नाही. दुसऱ्या खेपेला चित्र काळं आणि शांत आलं. बरगडीत ठिपका होता, होता तेवढाच. गोळी चालू ठेवायची, सहा महिन्यांनी यायचं.

गावी आली तर आभाळ न बरसताच निघून गेलं होतं. रामराव संध्याकाळी ओट्यावर आला.

"काय मनली मशीन?"

"ठिपका तितकाच हाय."

"पर हाय न, वैनी."

"हाय. मी मरस्तवर ऱ्हाणार हाय. माझ्यासंगं तूर काढील." तिने पिशवीतून पहिली फिल्म काढून त्याच्या हातात दिली. "ह्यो खांदा बगा. ही कंबर. मशीननं मोजून दावलंय, किती काम केलं ते. तुमची आशी एक काढून आणा, मग बटईचं बोलू."

रामरावने फिल्म मावळत्या उजेडाला धरली. उजळलेल्या खांद्यावरून बोट फिरवलं. मग ती खाली ठेवली.

"वैनी, माझी तूर आजून उबीच हाय. बाया मिळंनात. उद्या येताव का?"

शोभाबाईने फिल्म पिशवीत घातली.

"येते की. पर सा महिन्यांनी परत मशीन हाय. त्याच्या आदल्या दिशी तेवढं बोलवू नका."