रेजाँच्या गावचा पाट

बसायला म्हणून मागवलेला आणि पोळ्या लाटायला लागलेला मी एक पाट. भूर्जाच्या लाकडाचा. माझा मुक्काम जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या एका स्वयंपाकघरात.

जन्म मात्र फार लांबचा. कॅनडाच्या उत्तरेला, जंगलाच्या पोटात, फ्रेंच बोलणारं एक छोटं गाव होतं. तिथे आधी लाकूड कापायची गिरणी आली, मग गिरणीसाठी माणसं आली, आणि माणसांसाठी चर्च, शाळा, एक दुकान. दुसरं गाव गाठायचं तर वाटेत नुसतं जंगल. गिरणीचा भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की जेवायचं.

रेजाँ त्या गिरणीत करवतीवर होता. त्याची बायको लवकर गेली. एकुलती मुलगी मिरेय शिकायला जर्मनीत ब्राउनश्वाइगला आली आणि तिथे तिला तनय भेटला. तनयचे आईवडील पुण्याहून येऊन जर्मनीत स्थायिक झालेले. वडील आता नाहीत. आई, कुमुदिनीबाई, मुलाजवळच असतात.

लग्न ठरलं तेव्हा कुमुदिनीबाई मिरेयला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, मानपान काही नको. नवरीला माहेरचा एक पाट तेवढा आणा."

मिरेयने फोनवर निरोप दिला. लाइन खरखरत होती. रेजाँला एवढंच कळलं की विहीणबाईंना 'पाट'साठी फळी हवी आहे. फ्रेंचमध्ये 'पात' म्हणजे मळलेलं पीठ. त्याने चांगलं भूर्ज निवडलं, मला कापलं, घासलं, तेल पाजलं. पीठ मळताना टेबलावरून सरकू नये म्हणून एका कडेला खालून पट्टी ठोकली आणि मला बगलेत मारून तो लग्नाला आला.

त्या पट्टीपायी मी जमिनीवर तिरका बसलो. मिरेय माझ्यावर टेकली आणि घसरत थेट तनयच्या अंगावर गेली.

"अहो व्याही," कुमुदिनीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हा बसायचा की पोळ्या लाटायचा?"

"आल्झो, मग काय आई, तुझी सून पहिल्याच दिवशी घसरली हं!" तनय म्हणाला.

मिरेयने बापाला उलगडा करून सांगितला. रेजाँ आधी कानापर्यंत लाल झाला, मग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात.

दर रविवारी मिरेय फोन माझ्याशेजारी ठेवून बापाशी बोलायची आणि बोलता बोलता पोळ्या लाटायची. दोन हजार सहा साली रेजाँ म्हणाला, "गिरणी बंद झाली." हवापाण्याची बातमी द्यावी तसा म्हणाला. मग शाळा बंद झाली. मग दुकान. दर फोनला एखादं घर कमी व्हायचं.

"बाबा, तुम्ही इकडे या."

"आणि इथे कोण राहील?"

दोन वर्षं हेच चाललं. मग कळलं की हिवाळ्याआधी गावची वीज तोडणार आणि रस्त्यावरचा बर्फ काढायलाही कोणी येणार नाही. तेव्हा मिरेयने लाटणं खाली ठेवलं.

"बाबा, तुम्हाला तिथे काही बरंवाईट झालं, तर मला ते बर्फ वितळल्यावर कळेल."

कुमुदिनीबाईंनी फोन घेतला आणि सरळ मराठीत सुरू केलं, "अहो व्याही, या हो. भाषेचं काय घेऊन बसलात? इतकी वर्षं झाली, मला तरी कुठे धड जर्मन येतंय!"

मिरेयने ते फ्रेंचमध्ये सांगितलं.

"बरं," रेजाँ म्हणाला. तेवढंच.

तो एका बॅगेनिशी आला. मला पाहिलं, एकदा हात फिरवला आणि हात काढून घेतला. तेव्हापासून तो या टेबलाशीच बसतो. वाढलं ते जेवतो. दुःखी म्हणावा तर डोळ्यांत पाणी नाही, सुखी म्हणावा तर हसू नाही. कडाक्याच्या थंडीत झाडाचा रस जागच्या जागी थांबतो. झाड मेलेलं नसतं, पण त्याला काही जाणवतही नाही. ते मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या फ्राऊ क्रेमर केक घेऊन आल्या. रेजाँला त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "आपण कुठले?"

मिरेय उत्तर देणार, तोच त्याने हात वर केला. गावाचं नाव ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. ते तिथेच थांबलं.

"हिअर," तो म्हणाला. इथला.

"गेनाऊ!" अगदी बरोबर, असं म्हणत फ्राऊ क्रेमर हसल्या आणि गेल्या.

माझ्यावरचं लाटणं थांबलं होतं. तव्यावरची पोळी करपायला लागली, म्हणून कुमुदिनीबाईंनी ती उलटली.

खोली तापवणाऱ्या हायट्सुंगच्या कोरड्या उबेने मला एक बारीक चीर गेली आहे. लाटताना अजून लागत नाही. माझं काही मागणं नाही. फक्त तुमच्या घरी असं कोणी येऊन बसलं, तर कुठले म्हणून विचारू नका. पोळी गरम आहे तोवर पानात वाढा.