हनुवटीवरचा लाल

स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत. पडद्यावरचा माणूस मागच्या दृश्यातून तो इतका सफाईने कापून काढायचा की केसाची एक बटसुद्धा इकडची तिकडे व्हायची नाही. त्याचं काम मॅट बनवण्याचं. मॅट म्हणजे चित्राचाच काळा-पांढरा साचा. जिथे रंग बदलायचा तिथे पांढरं, जिथे हात लावायचा नाही तिथे काळं. त्याने मॅट बनवावी आणि शेजारच्या खुर्चीतल्या ताईंनी ती आपल्या रंगाच्या नोडला जोडावी, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. नोड म्हणजे तरी काय, पडद्यावरचा एक चौकोन. चित्र एका चौकोनातून निघतं, वायरीवरून पुढच्यात शिरतं आणि जाता जाता बदलत जातं. मॅट जोडली की तो बदल फक्त पांढऱ्या जागेपुरता होतो.

या वाटणीत कात्री अगदी सुखात होता, कारण त्याला लाल आणि हिरवा सारखेच दिसत. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. शर्ट तीच काढून ठेवायची, टोमॅटो पिकलेत की नाहीत ते तीच बघायची आणि अधूनमधून म्हणायची, "अहो, एकदाचं सांगून टाका की ऑफिसात." हा ते उद्यावर ढकलायचा. रंगांच्या धंद्यात रंग न दिसणारा माणूस कोण ठेवून घेईल? स्टुडिओत कुणी विचारलंच, "हा हिरवा जरा जास्त झाला का हो?" तर तो मान तिरकी करून "हं, बघू या" म्हणायचा. ते इतकं गंभीरपणे, की स्वारी फार चोखंदळ आहे असाच सगळ्यांचा समज झाला होता.

मग ताईंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं. ताई तिच्याकडे जाणार आणि परत आल्यावरही रोज येणार नव्हत्या.

"माझी खुर्ची तू घे," त्या म्हणाल्या. "मालकांशी बोललेय मी. हा स्वेटरचा शॉट सगळा तू एकट्याने कर. तो बघितला की ते नक्की करतील."

कात्रीची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, हो म्हणावं तर कधीतरी पितळ उघडं पडणार आणि खुर्चीच काय, असलेली नोकरीही जाणार. तो "हं, बघू या" म्हणाला. ताईंनी तो होकार धरला.

शॉट जाहिरातीचा होता. एक लहान मुलगी टेबलाशी बसून चित्र काढतेय, मध्येच वर बघून हसतेय. अंगात लाल स्वेटर. कंपनीला ऐनवेळी हिरवा स्वेटर विकायची लहर आली होती. नशीब एवढंच की त्यांनी हव्या त्या हिरव्याचे आकडे पाठवले होते, आणि आकडे काही लाल-हिरवे नसतात. कात्रीने जीव ओतून मॅट बनवली. बाहीची लोकर, कॉलरची कड, मानेवर रुळणारे केस, सगळं काटेकोर. रंग आकड्याला आकडा जुळवून बसवला. मग छाती पुढे काढून त्याने ताईंना हाक मारली.

ताईंनी चष्मा चढवला. "या पोरीच्या हनुवटीला काय झालंय? सरबत सांडलंय का?"

"हं, बघू या."

"बघू या काय? अरे, लालभडक दिसतेय!"

कात्री हनुवटीकडे टक लावून बघत राहिला. त्याला ती हनुवटीसारखी दिसत होती. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल स्वेटरवर पडलेला उजेड उसळून हनुवटीवर गेलेला असणार. स्वेटर हिरवा झाला, पण त्याचा जुना लाल उजेड तिथेच राहिला, कारण हनुवटी त्याच्या चोख मॅटच्या बाहेर होती. ही चूक नवशिकाही करत नाही, कारण नवशिक्याला ती दिसते.

"ताई," तो म्हणाला, "मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. कधीच कळला नाही."

ताई आधी हसल्या. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "इतकी वर्षं शेजारी बसलास आणि मला बोलला नाहीस? मी काय खाणार होते तुला?" एवढं बोलून त्या तरातरा बाहेर निघून गेल्या. त्याला फार वाईट वाटलं. नोकरीची भीती होतीच, पण ताई दुखावल्या हे जास्त लागलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. म्हणून त्याने ते काम आपल्या पद्धतीने करायला घेतलं. चित्र मुळात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचं असतं आणि एकेकटा थर बघितला तर तो निव्वळ करडा दिसतो. कात्रीने मूळ चित्राच्या लाल थरातून हिरवा थर वजा केला. कपाळावर जेवढा लाल राहिला तेवढा कातडीचा म्हणून आणखी वजा केला. उरला तो फक्त जास्तीचा लाल, आणि तोही पांढरा होऊन. स्वेटर झगझगीत पांढरा, ओठही पांढरे. हनुवटीखाली पांढरा डाग. तळहाताच्या कडेला एक आणि टेबलावरच्या कपाच्या पोटावर अगदी पुसटसा आणखी एक. त्याने स्वेटर आणि ओठ वगळून या डागांचीच मॅट केली, ती रंगाच्या दुसऱ्या नोडला जोडली आणि कपाळाचे आकडे बघत तो लाल हळूहळू उतरवला.

ताई परतल्या तेव्हा मागे मालकही होते. कात्रीचं धाबं दणाणलं.

"हनुवटीवरचा लाल गेला," ताई पडद्यावरचा शॉट आणि शेजारची मॅट वाकून बघत म्हणाल्या. "आणि कपावर पण होता? मला नव्हता दिसला."

"मलाही नाही दिसला. मला फक्त पांढरं दिसलं."

मालकांनी शॉट पुन्हा पुन्हा चालवून बघितला. "ताईंनी सांगितलंय मला सगळं," ते म्हणाले. "खुर्ची तुमचीच. पण शॉट बाहेर जाण्याआधी दुसऱ्या कुणाचीतरी नजर फिरली पाहिजे. मी येत जाईन बघायला. माझाही काही उपयोग होऊ दे की इथे!"

कात्रीचा जीव भांड्यात पडला. ताईंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला, चांगला सणसणीत, आणि मगच त्यांचा राग गेला.

संध्याकाळी बायको त्याला घ्यायला आली, तेव्हा ताई अजून शेजारी आवरत होत्या. खुर्चीची बातमी ऐकून तिचा चेहरा खुलला. त्याला मात्र आपली नवी युक्ती दाखवायची घाई. फोनमधला त्यांच्या लग्नाच्या नोंदणीचा फोटो त्याने पडद्यावर घेतला. ती मान खाली घालून सही करतेय, शेजारी हा. त्याच्या आठवणीत ती त्या दिवशी अगदी थंड होती, आणि हिला आपण आवडलोय की नाही ही शंका त्याने बरेच दिवस उराशी बाळगली होती. त्याने तेच नोड फोटोला जोडले.

तिचे ओठ पांढरे झाले. ते व्हायचेच. पण गाल, कान, अगदी गळ्यापर्यंत सगळं पांढरंशुभ्र झालं.

"हे काय?"

"काय म्हणजे? लाजले होते मी. सगळे चिडवत होते, आठवत नाही?"

"मला वाटलं, उगाच चिडवतायत."

"उगाच?" ती हसायला लागली. "अहो, पुढे कितीतरी दिवस तुम्ही नुसतं हाक मारली तरी तसंच व्हायचं माझं. आणि तुम्ही आपले ढिम्म! मी म्हणायचे, या माणसाला काही वाटतं की नाही?"

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"आता असे बघू नका," ती हळूच म्हणाली. "ताई आहेत इथे."

त्याने तिचे गाल निरखले. काहीच कळेना. मग त्याने फोन उचलला आणि तिचा एक फोटो काढला.